माझी कुठली हो संस्था?

पत्र:

दादा, नमस्कार. मी विट्याला राहते. घरूनच चार दुकानांचे हिशेब टॅलीत लिहिते, जीएसटीचे रिटर्न भरते. दोन वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका दुकानातून सेकंडहँड थिंकपॅड टी-४६० घेतला, १६ हजारांना. आय-५ आहे, ८ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क. आता ऊठसूट पडद्यावर येतं की विंडोज १० चा सपोर्ट संपला. अपडेटमध्ये जाऊन बघितलं तर लाल अक्षरात लिहिलंय की काही सेटिंग्ज तुमच्या संस्थेच्या ताब्यात आहेत. माझी कुठली हो संस्था? मी एकटीच!

इथला कॉम्प्युटरवाला म्हणतो, ताई दीड हजार द्या, अकरा मारून देतो, संध्याकाळी घेऊन जा. मुलगी बारावीला आहे, ती म्हणते लिनक्स टाक, फुकट असतं. मिस्टर म्हणतात, चालतंय ना, मग कशाला हात लावायचा? लॅपटॉप सुरू व्हायला सहा-सात मिनिटं लागतात, बॅटरी वीस मिनिटंसुद्धा टिकत नाही. मार्चअखेर तोंडावर आलीय. काय करू?

— स. पा., विटा

उत्तर:

ताई, नमस्कार.

विंडोज अकरा टाकायचं का, हा तुमचा मुख्य प्रश्न. पण पत्रात माझं लक्ष गेलं ते लाल अक्षरांकडे. कारण त्या ओळीचा उलगडा झाल्याशिवाय अकरा, लिनक्स, काहीच ठरवता येत नाही.

ती ओळ दोन कारणांनी येते. पहिलं कारण दुकानदार. जुने लॅपटॉप विकणारे बरेच जण विंडोज टाकताना अपडेट बंद करून ठेवतात. अपडेट चालू राहिलं तर त्यांचं बनावट अ‍ॅक्टिव्हेशन उघडं पडायची भीती असते, शिवाय ते बंद असलं की गिऱ्हाईक 'मशीन हळू झालं' म्हणून परत येत नाही. हे बंद करायची जी आतली सोय आहे ती मुळात मोठ्या ऑफिसांसाठी, म्हणून विंडोजला वाटतं की हा लॅपटॉप कुठल्या तरी संस्थेचा आहे. दुसरं कारण म्हणजे तो खरोखरच एखाद्या संस्थेचा होता, आणि त्यांनी त्याला अजून सोडलेलं नाही. टी-४६० हा २०१६ चा, ऑफिसांसाठीच निघालेला लॅपटॉप. कंपन्या तीन-चार वर्षं वापरून असे शेकड्याने काढून टाकतात आणि ते फिरत फिरत आपल्यापर्यंत येतात. त्यात गैर काही नाही. मीही गेली कित्येक वर्षं असलेच लॅपटॉप वापरतोय.

यातलं तुमचं कारण कुठलं, ते आजच बघा. सेटिंग्जमध्ये 'अपडेट अँड सिक्युरिटी', त्याच्या आत 'अ‍ॅक्टिव्हेशन'. तिथे 'डिजिटल लायसन्स'ने अ‍ॅक्टिव्हेट झालंय असं असेल तर ठीक. 'युअर ऑर्गनायझेशन्स अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हिस' असे शब्द दिसले, आणि तुमच्या बाबतीत ते दिसतील असा माझा अंदाज आहे, तर दुकानदाराने ऑफिसांसाठीच्या पद्धतीचं सोंग करून विंडोज चालू केलंय. दुसरी जागा 'अकाउंट्स'मधली 'अ‍ॅक्सेस वर्क ऑर स्कूल'. तिथे एखाद्या कंपनीचं नाव किंवा अनोळखी ईमेल दिसला तर फोटो काढून ठेवा.

आता घरातल्या तिन्ही सल्ल्यांकडे येतो.

मिस्टर म्हणतात ते एका परीने खरं आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला म्हणून त्या रात्री एकही लॅपटॉप बंद पडला नाही. पण मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षेच्या दुरुस्त्या काढते. दहा आणि अकरा या दोघांचं आतलं बरंचसं बांधकाम एकच आहे. अकरामधलं भोक बुजवलं की चोरांना आपसूक कळतं की तेच भोक दहामध्ये कुठे असणार. चार महिने झाले, अशी भोकं साठत चाललीत. तुमच्याकडे तर अपडेटच बंद होतं, म्हणजे साठा कदाचित दोन वर्षांचा. लॅपटॉपवर नुसते सिनेमे बघत असता तर मी मिस्टरांच्या बाजूने बोललो असतो. पण त्यात चार दुकानदारांची बँक स्टेटमेंटं आहेत, पॅन आहेत, जीएसटी पोर्टलचे पासवर्ड आहेत. लोकांनी विश्वासाने दिलेलं आहे ते.

कॉम्प्युटरवाल्याचा सल्ला तर अजिबात घेऊ नका. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. तुमच्या प्रोसेसरचं पूर्ण नाव बघा, बहुधा आय५-६३००यू किंवा आय५-६२००यू निघेल. आडव्या रेघेनंतरचा पहिला आकडा ही पिढी, म्हणजे सहावी. सुरक्षेची टीपीएम नावाची चिप असली काय नसली काय, प्रोसेसरवरच गाडी अडते. तरीही तो अकरा टाकून दाखवेल, यात शंका नाही. तपासणीला बगल देणारा पेनड्राइव्ह करायला दहा मिनिटं लागतात, आणि तुमच्या मशीनवर अकरा चालेलही. पण अशा लॅपटॉपला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. शिवाय अकराची प्रत्येक आवृत्ती घरगुती मशीनवर २४ महिनेच सांभाळली जाते. पुढची आवृत्ती तुमच्याकडे आपण होऊन येणार नाही, पुन्हा बगल द्यावी लागेल, पुन्हा दीड हजार. आणि ज्याला मूळ विंडोज अस्सल आहे की नाही हे बघायची गरज वाटली नाही, तो वरून टाकलेलं अस्सल कशाला देईल?

मुलगी हुशार आहे. लिनक्स मिंटसारखी सिस्टीम या लॅपटॉपवर सुरेख चालते, मराठी टायपिंगही नीट होतं. माझा स्वतःचा घरचा लॅपटॉप त्याच्यावरच आहे. पण टॅली लिनक्सवर चालत नाही. आडवळणाने चालवता येते असं सांगणारे भेटतील, पण लोकांचे हिशेब आडवळणावर ठेवायचे नसतात. तिचा सल्ला मी फेटाळत नाही, ऑक्टोबरपर्यंत बाजूला ठेवतोय. का, ते पुढे येईल.

मग करायचं काय? विंडोज १० च ठेवायचं, पण अस्सल, आणि नव्या एसएसडीवर, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या चिपच्या डिस्कवर. जुन्या हार्ड डिस्कला हातसुद्धा लावायचा नाही.

सहा-सात मिनिटांचं दुखणं त्या हार्ड डिस्कचंच आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. लॅपटॉप नुकताच सुरू झालेला असताना 'डिस्क'चा रकाना बघा. तिथे १०० टक्के लिहून ठेवल्यासारखं चिकटलेलं दिसेल, आणि त्याच वेळी प्रोसेसर निवांत बसलेला असेल. आत एक तबकडी फिरतेय आणि तिच्यावर सुई पुढेमागे धावतेय, सगळं तिच्यासाठी खोळंबलंय. एसएसडीत फिरणारं काही नसतं. २५६ जीबीची अडीच इंची साटा एसएसडी तुम्हाला पुष्कळ झाली. भाव गेल्या काही महिन्यांत चढलेत, तेव्हा दोन दुकानांत विचारा आणि जीएसटीचं पक्कं बिल घ्या. हे तुम्हाला मी काय सांगणार म्हणा! ८ जीबी रॅम पुरेशी आहे, त्यात पैसे घालू नका. सोबत एक हार्ड डिस्कचं केसिंग घ्या, स्वस्तातलं चालेल. जुनी डिस्क त्यात घातली की पेनड्राइव्हसारखी वापरता येते.

दिवस ठरवून ठेवा. ११ ला जीएसटीआर-१, २० ला ३बी, ही जीएसटीची दोन रिटर्न. २० फेब्रुवारीला शुक्रवार आहे. ३बी भरून टाका आणि २१-२२ चा शनिवार-रविवार या कामाला ठेवा. काही बिनसलंच तर मार्चअखेरीपूर्वी निस्तरायला वेळ राहतो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कुणी फुकट जरी करून देतो म्हणाला तरी लॅपटॉप द्यायचा नाही.

शुक्रवारी रात्री टॅलीत ऑल्ट आणि वाय दाबून 'बॅकअप' घ्या, चारही कंपन्यांचा, पेनड्राइव्हवर. दुसरी प्रत मुलीच्या फोनमध्ये किंवा गूगल ड्राइव्हवर. बॅकअप घेतला म्हणजे झालं असं नाही. 'रिस्टोअर' करून एक तरी कंपनी उघडते का ते बघा, मात्र वेगळ्या फोल्डरमध्ये, नाहीतर चालू हिशेबावरच जुना बसायचा. मग टॅलीच्या हेल्पमधल्या लायसन्सच्या भागात जाऊन लायसन्स 'सरेंडर' करा. हे हमखास विसरलं जातं. सरेंडर न करता मशीन बदललं किंवा फॉरमॅट मारला की टॅलीला वाटतं लायसन्स अजून जुन्याच जागी चालू आहे, आणि रविवारी दुपारी तुम्ही हेल्पलाइनला फोन लावत बसता. मराठी पत्रांसाठी श्रीलिपी वगैरे वापरत असाल तर त्याची नोंदणी आणि फॉन्टही सांभाळून ठेवा. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड एका वहीत उतरवून घ्या. वहीवर हसू नका, माझीही एक आहे.

त्याच रात्री ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर विंडोज १० चं इन्स्टॉलर करून ठेवा. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या साइटवरचं 'मीडिया क्रिएशन टूल'च घ्यायचं, दुसरं कुठलंही नाही, आणि कॉम्प्युटरवाल्याच्या खिशातला पेनड्राइव्ह तर नाहीच. शक्यतो ते दुसऱ्या कुणाच्या चांगल्या लॅपटॉपवर करा.

आता बॅटरी. टी-४६० ला दोन बॅटऱ्या असतात, एक मागून निघणारी आणि एक आत बसवलेली. मागची बदलणं सोपं आहे, दोन खटके सरकवले की हातात येते. बदललीत तर उत्तम, नाहीतर काम घरच्या इन्व्हर्टरवर करा. हे सांगण्याचं कारण आहे. काही वर्षांपूर्वी मी चुलतभावाच्या लॅपटॉपचं बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणारा मशीनमधला मूळ प्रोग्राम, अपडेट करायला बसलो होतो. बॅटरी कधीच मेलेली, पण नुसत्या चार्जरवर काम होईल म्हणून मी बेफिकीर. पट्टी अर्ध्यावर आली आणि लाइट गेली. पंधरा मिनिटांनी आली, पण तो लॅपटॉप पुन्हा कधी उठला नाही. पंख्याचा आवाज यायचा, पडदा काळा. विंडोज टाकताना लाइट गेली तर फार काही बिघडत नाही, पुन्हा पहिल्यापासून टाकता येतं. बायोसच्या बाबतीत तशी गय होत नाही. म्हणून कुणी 'बरोबर बायोसही अपडेट करून टाकू' म्हणालं तर हात जोडा. तुम्हाला त्याची गरज नाही.

डिस्क बदलायचं काम कॉम्प्युटरवाल्याकडून करून घ्या, पण समोर बसून. सुरू करताना एफ-१ दाबून बायोसमध्ये जायचं, 'कॉन्फिग'मधल्या 'पॉवर'मध्ये 'डिसेबल बिल्ट-इन बॅटरी' निवडायचं. लॅपटॉप बंद होतो आणि आतल्या बॅटरीचा करंट तुटतो. मग मागची बॅटरी काढून खालचं झाकण. एफ-१ दाबल्यावर बायोसने पासवर्ड मागितला तर काम तिथेच थांबवा. तो पासवर्ड जुन्या मालकाचा असतो आणि सहजासहजी निघत नाही. म्हणूनच ही एक गोष्ट आज रात्रीच करून बघा, एसएसडी विकत घ्यायच्या आधी. नुसतं आत शिरायचं आणि काही न बदलता बाहेर पडायचं.

नवी एसएसडी बसली की एफ-१२ दाबून पेनड्राइव्हवरून सुरू करा. इथे एक आनंदाची गोष्ट घडायची शक्यता आहे. त्या काळातले ऑफिसांना विकलेले बहुतेक थिंकपॅड विंडोज १० प्रोच्या अस्सल लायसन्ससकट यायचे, आणि त्या लायसन्सची किल्ली बायोसमध्येच असते. डिस्क बदलली तरी ती जात नाही. विंडोज टाकताना किल्ली विचारलीच नाही आणि थेट पुढे गेलं, तर समजा ती सापडली. नेट जोडल्यावर अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावर 'डिजिटल लायसन्स' दिसेल. म्हणजे दुकानदाराने घरात सोनं असताना वरून मुलामा चढवून दिला होता. असं मी स्वतः दोन-तीन लॅपटॉपवर बघितलंय, आणि दर वेळी कपाळाला हात लावलाय. किल्ली मागितलीच तर मात्र लायसन्स विकत घ्यायच्या फंदात पडू नका. ते पैसे या लॅपटॉपला नाही, पुढच्याला लावायचे.

नेट पहिल्यांदा जोडाल तेव्हा पडद्यावर नजर ठेवा. काही कंपन्या आपले लॅपटॉप मायक्रोसॉफ्टकडे नोंदवून ठेवतात. असा लॅपटॉप कितीही पुसा, डिस्क बदला, नवं विंडोज नेटला लागलं की कंपनीचं नाव झळकतं आणि त्यांचा ईमेल मागितला जातो. ती नोंद त्या कंपनीलाच काढता येते. तुमच्या बाबतीत असं होईलच असं नाही, पण लाल ओळ असल्यामुळे सांगून ठेवतोय. तसा पडदा आला तर फोटो काढा, एसएसडी काढा, जुनी डिस्क परत बसवा, टॅलीचं लायसन्स तिच्यावर पुन्हा चालू करा, की सोमवारी सकाळी तुम्ही होत्या तिथेच. जुन्या डिस्कला हात लावायचा नाही म्हटलं ते याचसाठी. मग फोटो आणि बिल घेऊन पुण्याच्या दुकानदाराला गाठायचं आणि म्हणायचं, कंपनीकडून सोडवून द्या नाहीतर लॅपटॉप परत घ्या. नोंद काढून घेणं विकणाऱ्याचं काम होतं.

सगळं नीट झालं तर सर्व अपडेट येऊ द्या, २२एच२ ही आवृत्ती दिसेपर्यंत. त्याला तास-दोन तास जातील, रीस्टार्ट होत राहील, होऊ द्या. त्यानंतर अपडेटच्याच पानावर 'एनरोल नाऊ' असा दुवा दिसतो. ही मायक्रोसॉफ्टची वाढीव मुदत आहे: १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत राहतात. एकदाचे ३० डॉलर भरून घेता येते, पण तुम्ही फुकटचा पर्याय घ्या. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं आणि विंडोजची सेटिंग्ज त्यांच्याकडे साठवायला परवानगी द्यावी लागते. फक्त सेटिंग्ज. कागदपत्रं आणि फोटो साठवू का असं विचारलं तर नको म्हणा. फुकटची जागा ५ जीबीच आहे, आणि दुकानदारांची स्टेटमेंटं तिथे कशाला? ही मुदत घरगुती मशीनसाठी आहे, कंपनीच्या जाळ्यात अडकलेल्या लॅपटॉपला ती मिळत नाही. लाल ओळीचा माझा हट्ट याच्यासाठीही होता.

ऑक्टोबरपर्यंत महिन्याला थोडे बाजूला काढा आणि टॅलीसाठी दुसरा लॅपटॉप बघा, सेकंडहँडच बघा. आठवी पिढी किंवा पुढची, म्हणजे आय५-८२५०यू, ८३५०यू असे आकडे. मॉडेलच्या नावावर मात्र जाऊ नका. टी-४८० म्हटलं की लोक डोळे झाकून आठवी पिढी समजतात, पण त्यात सातव्या पिढीचा प्रोसेसरही मिळायचा. दुकानात लॅपटॉप सुरू करायला लावा, प्रोसेसरचं नाव स्वतः वाचा, अ‍ॅक्टिव्हेशनचं पान उघडा, एफ-१ दाबून बायोसमध्ये जाऊन या. तिसऱ्या मिनिटाला दुकानदाराला कळेल की गिऱ्हाईक माहितगार आहे. मग भाव करा.

टी-४६० तेव्हा मुलीला द्या. ती कॉलेजात असेल, आणि लिनक्स मिंटची २२ ही आवृत्ती एप्रिल २०२९ पर्यंत सांभाळली जाणार आहे. तिला धीर धरवत नसेल तर आताही पेनड्राइव्हवरून मिंट नुसतं सुरू करून बघू दे, एसएसडीला धक्का लागत नाही. फक्त 'इन्स्टॉल'च्या चित्रावर क्लिक करायचं नाही.

राहिली जुनी हार्ड डिस्क. केसिंगमध्ये घाला, वर कागद चिकटवून तारीख लिहा आणि कपाटात ठेवा. चारही दुकानांची आयकर रिटर्न भरून होईपर्यंत ती पुसायची नाही. मुलगी म्हणेल, आई, ५०० जीबी नुसती पडून आहे, मला सिनेमे ठेवायला दे. देऊ नका.